त्रुटी क्रमांक सात

सांगाडा आदल्या रात्री आला
ऑटोत बसून, अंगावर चादर.
पाचवी बरगडी तारेनं बांधलेली, म्हणून मी ओळखलं त्याला.
मागच्या साली हुडकेश्वरच्या पाहणीत
आम्ही दोघं एकाच खोलीत होतो.
तिथं मीही उसनीच होते.

डोंगरवार बाबूनं रातभर पुस्तकांवर शिक्के मारले.
शाई वाळेना, तर पुस्तकं कूलरसमोर उघडून ठेवली,
मिडवायफरीला खसाचा वास लागला.
वॉर्डातल्या चार रिकाम्या खाटांवर
समोरच्या बांधकामावरचे मजूर आणून निजवले.
मे महिना, सेहेचाळीस अंश.
गार हवेत त्यांना खरीच झोप लागली.
तेवढंच पुण्य.

मुलींना मी घोकून घेतलं होतं:
बीपी विचारलं तर एकशे वीसवर ऐंशी म्हणायचं.
कोणाचंही असो.

कौन्सिलच्या मॅडम तीन जिने चढून आल्या,
कारण लिफ्ट फक्त फाइलीत चालू होती.
खापेकर मॅडम. पायांना सूज, वहाणेचा पट्टा रुतलेला.
अध्यक्षसाहेब म्हणाले, आधी पोहे घ्या, तर्री कमीच टाकायला लावली.
त्या म्हणाल्या, लॅब कुठं आहे?

स्टुलावर बसल्या, बाही वर केली,
"घ्या कोणीतरी माझं बीपी."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या.
मी भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे.

रंजिता नैताम पुढे झाली.
धानोऱ्याकडची, वर्गात दोन वर्षांत
चार वाक्यं बोलली असेल.
तिनं कफ बांधला, मनगट धरलं तीन बोटांनी.
अंगठा लावायचा नसतो.
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
मोजणारा आपलीच मोजून बसतो.
हे मीच शिकवलं होतं कधीतरी,
खरं शिकवायचे तेव्हा.

"एकशे शहात्तर," ती म्हणाली. "खालचं एकशे आठ.
पण मॅडम, हे यंत्र हवा सोडून राहिलं.
दुसऱ्यावर पाहू द्या."

दारात अध्यक्षसाहेबांच्या हातातली बशी वाजली.

दुसरं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं,
आईसाठी घेतलेलं. मी काढून दिलं.
त्यावर एकशे बहात्तर.

"सकाळची गोळी?"
"राहिली. गाडीची घाई होती."
"निजा मॅडम."

खाट क्रमांक चारवरचा प्लास्टिकचा रोगी
आम्ही उचलून खुर्चीत बसवला,
आणि त्याच्या जागी कौन्सिल निजली.
पर्समधली गोळी रंजितानंच शोधली,
नाव वाचलं, तारीख वाचली, मग दिली.
भिंतीवरचं घड्याळ बंद होतं,
तर डोंगरवार बाबूचं मनगटी मागून घेतलं
आणि उभी राहिली पंधरा-पंधरा मिनिटं मोजत.
कोणी फाइल आणली नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.
आमच्या कॉलेजात त्या दिवशी पहिल्यांदा
एक माणूस आजारी होतं
आणि एक नर्स होती.

उठल्यावर मॅडमनं सगळं पाहिलं.
झोपलेल्या मजुराच्या पायाचं सिमेंटही,
बोटानं पुसून.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. अकरा त्रुटी.
साठ जागांच्या तीस केल्या.
सांगाडा संस्थेच्या मालकीचा नाही.
ग्रंथालयातली शाई ओली.
आणि चौथ्या ओळीत मी,
"सदर शिक्षिकेची नोंद अन्यत्रही आढळते."
अध्यक्षसाहेब ओरडून राहिले होते,
"काहून बोलली ते पोट्टी?"

मी सातवी त्रुटी वाचत होते.
"रक्तदाब यंत्र हवा सोडते.
ही बाब विद्यार्थिनीने निदर्शनास आणली."
पानभर शेऱ्यांत
खाली निळ्या पेनानं रेघ ओढलेली ती एकच ओळ.

संध्याकाळी हुडकेश्वरला फोन केला.
म्हटलं, यंदा मी येत नाही.
सांगाड्याचं त्याला विचारा.