ठोका

फाटकाशी गुणवत्ता धोरण, तीन भाषांत,
खाली मालकांची सही.
भट्टीच्या काजळीनं
सहीच तेवढी पुसट झालेली.

मंगळवारी पुण्याचा ट्रक दारात,
ड्रायव्हरचा हात हॉर्नवर.
एकशेचाळीस पंप-केसिंगांतले अकरा
मी बाजूला काढलेले.
सुपरवायझर म्हणाला,
"भारता, लांबी भर, रंग मार,
कुणाला कळतंय?"

तेवढ्यात अनगोळकर मालक आले.
ऑफिसात गेले नाहीत.
माझ्या टेबलाशी स्टूल ओढलं,
हातोडी मागितली.

ठण्ण.
ठण्ण.
मी पास केलेल्यांतला सातवा: थप्प,
कच्च्या मडक्यासारखा.
भट्टीवरून इराप्पानं मान वळवली,
"ओडदैती."
मालक म्हणाले, "होय, फुटलंय.
सगळे उतरवा. पहिल्यापासून बघू."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मीच खाली बघत होते.

ट्रक रिकामा गेला.
उद्यमबागेत दिवे लागले तरी
आम्ही दोघं ठोकत होतो.

त्या महिन्यात पगार चार दिवस लांबला,
आम्ही कुरकुरलो, खोटं कशाला बोलू?

धोरणाची पाटी अजून कुणी पुसली नाही.
स्टूल मात्र माझ्या टेबलाशीच असतं.
त्याचा एक पाय आखूड.
बुधवारी, चहाच्या आधी,
मालक येतात,
तोल सावरत बसतात,
हात पुढे करतात.