पाण्याचा दिवस

फॉर्मवर एक रकाना होता : पोहता येतं का?
मी लिहिलं, हो.
अक्कलकोटकडे मामाच्या विहिरीत पडले होते एकदा
आणि वर आले होते.
एवढ्या भांडवलावर
आमच्या गल्लीच्या उन्हाळी टीममध्ये नाव लागलं :
सिरिषा नरसय्या येमूल, वय बारा.

फी साडेतीनशे.
आई सुपातून मान वर न करता म्हणाली,
म्हणजे पावणेदोन हजार विड्या.
आमच्याकडे सगळ्याच गोष्टींचा भाव असा निघतो.
चप्पल सहाशे विड्या. आजीचा चष्मा पाच हजार.

नायनांनी कारखान्यातून टॉवेल आणला,
सेकंड मालातला, जाड, पांढरा.
परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलचं नाव विणलेलं,
त्यातलं एक अक्षर उलटं पडलेलं,
म्हणून समुद्र न ओलांडता राहिलेला.
तो खांद्यावर टाकून मी निघाले
तेव्हा सकाळी सातलाच डांबर मऊ होतं.

टाकीच्या काठावर दस्तगीर सर उभे,
गळ्यात शिट्टी, डोक्याला ओला रुमाल.
"डोकं खाली," म्हणाले, "अजून खाली.
पाणी काय खातंय का तुला?"
मी डोकं खाली घातलं
आणि माग बंद पडले.
सगळेच. एकदम.
जन्मल्यापासून भिंतीपलीकडे चाललेली ती खटखट
जेवताना, झोपताना, तापात, परीक्षेत,
पाण्याखाली नव्हतीच.
घाबरून वर आले. होती. चालू होती.
परत खाली गेले.

घरी सांगितलं तर नायनांचा घास थांबला.
माग बंद पडणं
आमच्याकडे चांगलं समजत नाहीत.

चौघींची रिले ठरली.
महानंदा कोरे, ती काठावरच जास्त बोलायची.
शाहीन, तिचा श्वास सगळ्यांत लांब.
भाग्यलक्ष्मी, माझ्याच बोळातली, मैत्रीण नव्हती तोवर.
आणि शेवटी मी.
का शेवटी, विचारलं तर सर म्हणाले,
"तू हळू आहेस, पण थांबत नाहीस."
यात कौतुक किती, ते अजून कळलेलं नाही.

स्पर्धा रविवारी, आठ वाजता.
नळ शनिवारी यायचा होता. पाचवा दिवस.
आला नाही.
रविवारी सव्वासातला नळात आधी हवा खोकली,
मग सगळी गल्ली एकदम धावली.
आईनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.
पाणी आलेलं सोडून पोहायला जाणारी मुलगी
आमच्या घरात अजून जन्मायची होती.

पिंप भरलं. घागरी भरल्या. बादल्या, पातेली,
कुकर भरला, झाकणासकट.
दुधाची किटली भरली.
धार बारीक झाली तेव्हा आई म्हणाली, "पळ."

पळाले. टॉवेल घरीच राहिला.
कुर्ता अंगाला चिकटलेला, वेणीतून पाणी गळतंय,
सर बघतच राहिले, "आधीच पोहून आलीस?"
कपडे बदलेपर्यंत शाहीन निम्म्यावर पोचलेली.

मग मी पाण्यात होते
आणि कानावर फक्त तुकडे येत होते, श्वासाला एक.
पलीकडच्या काठावरून
ये, ओरडत होतं कुणी.
बा बा, महानंदा.
रा, भाग्यलक्ष्मी.
आ, आ, ही शाहीन असणार.
एवढ्याशा शब्दांनी कुणाला ओढता येतं
हे मला माहीत नव्हतं.
भिंत हाताला लागली. खडबडीत, गरम.

पाच टीममध्ये चौथ्या आलो.
पाचव्यांची एक मुलगी मध्येच दोरीला धरून थांबली होती,
हे खरं सांगायला हवं.

रात्री आई विड्या वळत बसलेली.
"किती पाणी असतं गं त्या टाकीत?"
"माझ्या गळ्यापर्यंत. तिकडच्या टोकाला बुडेन इतकं."
"घागरी किती?"
मला सांगता आलं नाही.
ती मनात मोजत राहिली, ओठ हलत होते,
आमच्या गल्लीला किती महिने, बहुतेक.

"आणि तू त्यात नुसती पोहलीस?"
"हो."
"भरलं नाहीस, उपसलं नाहीस, काही नाही?"
"नाही."

दोरा दातांनी तोडून
तिनं विडी जुडीत टाकली.
"बरं केलंस," म्हणाली.