एकच पाऊल मागे

स्कॅनरसोबत फुकट आली होती ती सीडी,
पुठ्ठ्याच्या पाकिटात.
डुलूथचा सत्त्याण्णवचा जानेवारी,
सरोवर गोठलेलं, जहाजं धक्क्याला जखडलेली,
आणि बाबा नुकतेच निवृत्त.

तळघरात, भट्टीच्या घरघरीशेजारी
ते फोटो दुरुस्त करायला बसायचे,
तीस वर्षं इंजिनं केली तसेच:
चष्मा कपाळावर, जीभ दातांत.
पडद्यावरचा पेन्सिलवाला ससा
विचारायचा, आज काय करूया?
बाबा त्याला फिनिशमधून शिवी हासडायचे.

लाल डोळे घालवायचं एक बटण होतं.
कॅरलच्या लग्नातले सगळे लाल डोळे
त्यांनी एका दुपारीत विझवले.
पण कुत्र्याचे डोळे फ्लॅशनं हिरवे पेटतात
आणि बटणाला कळायचा फक्त लाल.
मग पुक्कोचे डोळे त्यांनी हातानं भरले,
चौकोन चौकोन मोजत, तपकिरी,
रात्रीचे अकरा वाजेपर्यंत.
पुक्को पायाशीच पडलेला,
खरे डोळे मिटून.

फेब्रुवारीत त्यांनी आजीला घेतलं.
आईची आई, हॅनकॉकच्या खाणवस्तीत,
दारात उभी, हातात बादली,
आणि मधोमध, गळ्यावरून गेलेली पांढरी घडी.
दाराच्या फळीचा तुकडा उचलून इथे,
पदर नसलेल्या त्या झग्याचा तिथे,
चार दिवस डकवत गेले.
मग आईला हाक मारली.

आई ओल्या हातांनी खाली आली. बघत राहिली.
"ही घडी मी घातली होती," म्हणाली.
"बसमध्ये. सतराची होते. पाकिटात मावेना."
आणि जिना चढता चढता:
"परत घाल."

बाबांनी मागे घेण्याचं बटण दाबलं.
एकच पाऊल मागे जाता यायचं त्या काळी.
गळ्यापाशी नखाएवढी घडी परत आली.
बाकीची बाई तशीच गुळगुळीत,
तिला सोडून कुणी कुठं गेलंच नाही अशी.

ती फाईल आता कुठलंच यंत्र उघडत नाही.
कागदावरची आजी घडीवरून फाटून
दोन तुकड्यांत आहे, कॅरलकडे, कॉफीच्या डब्यात.
माझ्या वाट्याला एकच छापील प्रत आली:
निळी शाई उडून गुलाबी झालेला बर्फ,
त्यात पुक्को.
परवा सहज आईच्या फोटोशेजारी ठेवला
तेव्हा कळलं, म्हाताऱ्यानं
तो तपकिरी कुठून उचलला होता ते.

कुत्रा आईच्या डोळ्यांनी बघतो आहे.
जरा रागानंच.