पाय मोजताना

साडेसहाला पाटच्या तळ्यावर पोचलो
तेव्हा धुकं अजून कमळाच्या पानांत बसलेलं.
बस्त्यांव आधीच बांधावर,
डेअरीच्या जुन्या वहीत तारीख घालून:
बारा ऑक्टोबर, वारा नाही.
'लिटर' छापलेल्या रकान्यात तो पक्षी लिहितो.

माझ्या दुर्बिणीच्या डाव्या काचेत
पावसाळ्याने बुरशी विणून ठेवलीय;
त्या डोळ्याला सगळं अजून श्रावणातलंच दिसतं.
उजव्यात लख्ख:
अडया चौतीस, हळदीकुंकू बदकं सात,
टिबुकल्या पाच.
एकीने बुडी मारली. चार.

पलीकडे मळ्यात भात पिकलंय.
कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला
नि मुनियांचा थवा उठून
दहा हातांवर परत बसला.

धोबी नाही आला अजून.
गेल्या साली नऊ तारखेलाच होता, याच दगडावर,
शेपटी हलवत,
एवढ्या लांबून आल्याचं काही न सांगता.

मग एक कमळपक्षी दिसला, काहीतरी चुकलेला.
पाय मोजले. दोन. चार.
परत मोजले. सहा.
बुरशीचा डोळा मिटला, तरी सहाच;
पंखांखालून काड्या लोंबाव्यात तसे.
"पिलां असत ती," बस्त्यांव कुजबुजला,
"काखेत घेतल्यान. हो बापूस.
आवस अंडी घालून दुसरीकडे गेली."

मग बराच वेळ तो बोलला नाही.
इनास कुवेतला गेली तेव्हा
धाकटा दीड वर्षाचा होता.
डेअरीच्या रांगेत, चर्चच्या मागच्या बाकाशी,
एक खांद्यावर, एक कडेवर,
हा असाच चालायचा, तोल सांभाळत.
अकरा वर्षं.
ती यायची दर दुसऱ्या ऑक्टोबरात, महिनाभर,
बॅगेत खजूर नि वासाचे साबण.

टायरच्या ट्यूबवर बसून द्वारका कमळं काढत आली,
दिवाळीची. त्या पानाजवळ आली नि
पाच-सहा चांगली फुलं तशीच सोडून
लांबून वळली. आमच्याकडे बघितलंही नाही.

पिलं उतरली. पाय कमी होत गेले.
शेवटी दोनच उरले,
लांब बोटांचे, पानाला भार न देणारे.

बस्त्यांवने वहीत 'एक' लिहिलं,
खोडलं, 'तीन' लिहिलं.
धोबीपुढची जागा रिकामी ठेवली,
वही सायकलच्या कॅरिअरला लावली.

आणि आम्ही वळतोय तोच
पाचवी टिबुकली
भलत्याच कडेला वर आली.