शेरा

उर्वेचं काम पाडायचं.
हीटर आला की आधी पुसते, वजन लिहिते,
मग तिरक्या होणाऱ्या फळीवर उभा करून
चाक फिरवते, एकेक अंश.
पाइदे गावाबाहेरची प्रयोगशाळा,
खिडकीत एस्टोनियाचा फेब्रुवारी, उणे बावीस,
आणि आत ओळीनं तापलेले, कललेले, लवंडलेले
दिवसाला साठ.

प्रत्येकाच्या पोटात एक डबी, अंगठ्याच्या नखाएवढी.
डबीत पोलादी गोळी.
हीटर उभा असतो तोवर ती आपल्या खळग्यात बसून असते
दोन पत्र्यांना टेकून,
वीज अंगावरून जाऊ देत.
कलला की घरंगळते.
एवढंच तिचं शहाणपण :
तोल गेला की संबंध तोडायचा.
आग म्हणजे काय, तिला ठाऊक नाही.
पडदा, गालिचा, झोपलेलं माणूस, काहीच नाही.
तिला फक्त खाली कुठे आहे ते कळतं.

टक्.
उर्वे लिहिते : किती अंशांवर, किती सेकंदांत.
शेवटचा रकाना ‘शेरा’.
अकरा वर्षं तो कोराच.

आई, हेल्वे, चौऱ्याऐंशीची,
जंगलाकडेच्या लाकडी घरात एकटी.
दर हिवाळ्यात गोठलेली जमीन फुगते,
फळ्या उचलतात, कपाटाचं दार आपोआप उघडतं.
रविवारी उर्वे गेली, कोट काढला,
आणि पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसा
जाता जाता हीटर कलता केला.
तांबडाच राहिला.
आणखी कलता केला. तांबडाच.
आडवा केला तरी हसत होता.

“सारखा बंद पडायचा,” आई म्हणाली,
“एल्मारनं दुरुस्त केला.”
एल्मार शेजारचा, सामूहिक शेतीच्या काळातला वायरमन.
पैसे घेतले नाहीत,
शेपू घातलेल्या काकडीची बरणी तेवढी नेली.

उर्वेनं स्क्रू काढले.
गोळी जागेवर होती, लखलखीत, बेकार.
तिला वळसा घालून एक निळी वायर
दुसरीला गच्च बांधलेली, वर नीट गुंडाळलेली चिकटपट्टी.
वाईट हेतूनं कुणी इतकं सुबक काम करत नाही.
तिनं ते सुबक काम कापलं.
मग बर्चची एक पाचर तासून फळीखाली ठोकत राहिली,
पेल्यातलं पाणी ‘पुरे’ म्हणेपर्यंत.
“घर वाकडं,” आई म्हणाली,
“तर यंत्रानं थोडं समजून घ्यायला नको?”
“नको.”

बुधवारी सकाळी सातला फोन.
“तुझं यंत्र भित्रं आहे.
जरा ठेच लागली की काम सोडतं.
रात्री मोजे वाळत घातले, तो स्टँडच कोसळला,
हीटर तोंडावर आपटला, मला पत्ताही नाही.
थंडीनं जाग आली. नाक बर्फ झालंय माझं.
आणि गालिच्यावर डाग पडलाय तो निराळाच.”
“केवढा?”
“तळहाताएवढा. तपकिरी.
पण मोजे, उर्वे, मोजे तसेच ओले.”

उर्वे गाडीत होती.
किल्ली हातात, काचेवर आतून
तिच्याच श्वासाचा बर्फ.
तळहात उघडून बघितला तिनं.
आई मोज्यांबद्दल बोलत राहिली,
कुठल्या मेंढीची लोकर, कुठल्या साली कातलेली,
टाच कशी दोनदा उसवली,
आणि उर्वे, जिला कामाला उशीर झालेला मुळीच चालत नाही,
म्हणत राहिली : हं. मग? हं.

साडेनऊला पहिला हीटर फळीवर.
चाक. अंश.
टक्.
आकडे लिहून झाले, पेन उचललं नाही.
शेरा : लोकरीचे मोजे, दोन जोड.
सकाळपर्यंत वाळले नाहीत.