उरलेली पट्टी

मंगळवारी रात्री पुण्याच्या गाडीनं पट्ट्यांची गुंडाळी येते.
पिवळ्यावर लाल : चार तारे, साडेतीन तारे,
'अप्रतिम!' 'चुकवू नका!'
खाली नाव, मुंगीएवढं.
बॅटरी मारली तरी लागत नाही.

मी खळ शिजवतो. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
नाहीतर गंगावेशीतल्या शेळ्या
उजाडेपर्यंत नायकाचा गुडघा संपवतात.
दस्तगीर शिडी धरून विचारतो,
"ह्यो अप्रतिमवाला कधी आलता का हिकडं?"
मी म्हणतो, त्याचं वाक्य लांब असणार गड्या,
आधी काहीतरी असणार, पुढं 'पण' असणार.
कात्री वरच लागते.
आपल्याला येतो तो तुकडा.

पलीकडं कट्ट्यावर म्हशीची धार
डोळ्यांदेखत काढून पेला हातात देतात.
फेस मिशीला लागतो.
तिथं कुणी तारे चिकटवत नाही.

आमच्या टॉकीजमध्ये परीक्षण आक्काताई करते, झाडूनं.
सिनेमा रटाळ, तर खुर्च्यांखाली टरफलांचा थर.
बरा असला, तर निम्मा.
आणि कधीतरी, वर्षाकाठी एकदा,
शेंगांची अख्खी पुडी सापडते,
उघडायचीच राहून गेलेली.
ती पुडी ती घरी नेते.
कुणाला सांगत नाही. कुणी विचारतही नाही.

गेल्या थंडीत एक पोरका सिनेमा आला.
पट्टी नाही, तारा नाही, पोस्टरंसुद्धा अकराच.
खासबागेकडच्या भिंतीवर बाईचा खांदा फाटला
आणि माझ्याकडं आधीच्या मारधाडीची एक पट्टी उरलेली :
'डोळ्यांत पाणी आणणारा अनुभव'.
(मारधाडीला ती का दिलेली, अंबाबाईलाच ठाऊक.)
ठिगळ म्हणून लावली. खांदा झाकला.

रविवारी शेवटच्या खेळाला सतरा माणसं.
सुटल्यावर एक बाई, पदर नाकाला,
नवऱ्याला म्हणाली, "लिवलंतं तसंच निघालं की."
तो म्हणाला, "लिवलंतं म्हणून रडलीस."
स्कूटर चालू होईना.
दोघं ढकलत बिंदू चौकाकडं गेले,
बोलत होते अजून.

मला झोप नाही.
सकाळी लवकर जाऊन आक्काताईला गाठलं :
काल टरफलं किती?
तिनं झाडू भिंतीला टेकवला,
ओचा एका हातानं गच्च धरला
आणि म्हणाली,
"तुला रं कशाला पायजे?"