कानाचं काम

वाईच्या एमआयडीसीत अकरा वर्षं
मी डबे ऐकते.
हातात शिसवी दांडी, करंगळीएवढी.
पट्ट्यावरून मका येतो, मटार येतात, अळंबी येते,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक टिचकी.
चांगला डबा टण् म्हणतो,
वाईट ढब म्हणतो,
आणि फुगलेला काहीच म्हणत नाही,
पोट पुढे काढून नुसता बघत राहतो.

पोटाला पोचा असला तर चालतं.
कडेला, शिवणीला असला तर नाही.
उंबरकर सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी हे सांगितलं
आणि मी मनात म्हटलं, बाईचंही असंच असतं.
आता तसलं काही म्हणत नाही.
डबा म्हणजे डबा.

शनिवारी चारनंतर गेटवर पोचके डबे निघतात.
पंचेचाळीसचा अठराला,
लेबल फाटलं असेल तर बाराला.
रांगेत मेसवाले, शाळेचे शिपाई,
मेणवलीची ती मास्तरीण, जी एकेक डबा
कानाशी नेऊन हलवते, नारळ हलवावा तसा.
हलवून काही कळत नसतं,
हे मी तिला सांगितलेलं नाही.

गेल्या शनिवारी बावधनच्या दिगंबर आचाऱ्यानं
चाळीस नेले एकदम.
"बुधवारचं लग्न, सहाशे पान.
सूप ठेवलंय, लोकांना आताशा लागतं."
पोती टेम्पोत चढताना
दोन-तीन डबे माझ्या डोळ्यांना बरे वाटले नाहीत.
डोळ्यांना म्हणते, कारण कानाचं

कुणाला सांगितलेलं नाही.
बॉयलरशेजारची जागा माझी.
दिवाळीपासून टण् आणि ढब
सख्खे भाऊ झालेत.
मी दांडी आपटते, चेहरा होता तसा ठेवते,
आणि बोटात हादरा किती येतो त्यावरून ठरवते.
बहुतेक वेळा बरोबर येतं.
बहुतेक.

त्याच रांगेतून मीही एक घेतला, बाराचा.
हेमांगी सातव्यात आलीय माहेरी,
तिला चिंच नको, पेढा नको, मक्याचं सूप हवंय.
रात्री ओट्यावर ठेवून
पळीच्या दांड्यानं वाजवला.
एकदा. परत एकदा.
बोटात काही आलं नाही.
ओपनर टोचला.
"हेमा, फुस्स झालं का गं?"
ती मोबाइलमध्ये. "काय?"
"हवा आत गेली, का बाहेर आली?"
"आई, मला कसं कळणार?"

वास घेतला. मक्याचाच वास.
एक दाणा जिभेवर ठेवणार होते, ठेवला नाही.
ट्रेनिंगला आलेला तो चष्मेवाला पोरगा म्हणालेला,
ते विष असतं ना मावशी,
त्याला वास नसतो, चव नसते,
आधी एकाचे दोन दिसतात,
मग पापणी पडते ती वर होत नाही,
मग श्वास.
तेव्हा आम्ही सगळ्या हसलेलो,
पगाराच्या दिवशी दोन दिसू देत म्हणून.

डबा कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतला, वर माती.
सकाळी बघते तर मुंग्यांनी माती उकरलेली,
दाण्याचा चुरा उचलून चालल्यात
धडधाकट, ओळीनं.
मुंग्यांना काय विचारायचं?

आज सोमवार.
आचाऱ्याचा नंबर गेटच्या पावतीबुकात होता,
तळहातावर लिहून आणलाय,
घामानं शेवटचा आकडा सात का एक कळेना.
सांगितलं तर तो विचारणार, कशावरून?
मग उंबरकर विचारणार, अगोदर का नाही ऐकू आलं?
मग कान तपासतील.

सात धरून लावला.
उजव्या कानाला धरला, मग डाव्या,
मग हेमाच्या हातात दिला.
"बघ गं," म्हटलं,
"वाजतोय का."